डायल तेवढी रंगवू नका

भिलाई पोलाद कारखान्याच्या रिसालीतल्या क्वार्टरांत एके काळी मनगटावरून माणसाची सीनियॉरिटी ओळखता यायची. विदर्भातून पहिल्या भरतीत आलेल्यांकडे बहुधा लग्नात मिळालेलं स्विस घड्याळ असे. मागून आलेल्यांकडे एचएमटी. तिचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने 1961 मध्ये बंगळूरला उभा राहिला होता. आमच्या बाबांचं पहिल्या जातीतलं: फेव्हर ल्यूबा 'सी किंग', रोज चावी द्यायची. हल्लीच ते दुरुस्त करून घेतलं आणि त्यानिमित्ताने या नावाचा मागचा प्रवास चाळला.

स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचा अब्राहम फाव्र हा या घराण्याचा मूळपुरुष. 1737 हे कंपनीचं जन्मसाल तिथून येतं. ल्यूबा हे आडनाव 1815 मध्ये जोडलं गेलं. आपल्याकडे ही घड्याळं 1865 पासून, मुंबईच्या वाटेने येऊ लागली. म्हणजे 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली, तेव्हा या नावाला इथे शंभरेक वर्षं होत आली होती. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या कारखान्यात पाळीची वेळ स्विस घड्याळावर बघितली जायची, याचं त्या काळी कुणालाच अप्रूप नव्हतं.

कंपनीचं खरं कौतुक जगात झालं ते 'बिव्हुआक'मुळे (1962). हवेच्या दाबावरून डोंगराची उंची सांगणारं हे मनगटी घड्याळ. मग 1968 मध्ये पाणबुड्यांना खोली दाखवणारं 'बॅथी' आलं. रिसालीत अर्थातच ना डोंगर, ना समुद्र. इथल्या घड्याळांना वेगळेच शत्रू होते: लोखंडाची बारीक धूळ, भट्टीची धग आणि मोठ्या मोटारींजवळचं चुंबकत्व. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे धावू लागतं. बाबांचं असं धावलं की ते घड्याळवाल्याकडे जात. तो यंत्रावर धरून चुंबकत्व काढून देई. बाबा पहिल्या पाळीला वेळेआधीच गेटवर असत, त्याचं थोडं श्रेय या रोगालाही द्यायला हवं.

पुढे क्वार्ट्झ आलं आणि सेलवरच्या स्वस्त घड्याळांपुढे चावीची घड्याळं मागे पडली. 1985 मध्ये कंपनी घराण्याच्या हातून गेली. मालक बदलत राहिले. 2011 मध्ये टाटांच्या टायटनने हे नाव सुमारे 20 लाख युरोंना विकत घेतलं. आता ते एथॉस समूहाकडे, म्हणजे पुन्हा भारतीयांकडेच आहे, आणि 2024 मध्ये जिनिव्हात नवी घड्याळं मांडली गेली. जाहिरातीत 1737 ठळक असतं. मला ते थोडं फसवं वाटतं. मधली कितीतरी वर्षं हे नाव नुसतं कागदोपत्री होतं. घड्याळं चालत राहिली ती टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कारागिरांमुळे. वारसा सांगायचाच तर त्यांनी सांगावा.

अर्थात याच जमातीतल्या काहींनी नुकसानही भरपूर केलं. मुंबईच्या बाजारात जुन्या डायलवर झगमगीत रंग चढवून, चार घड्याळांचे भाग एकत्र करून 'नवी' घड्याळं बनवण्याचा धंदा चालतो. परदेशी संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. माझ्या भावालाही डायल रंगवून हवी होती, निळी. भिलाईतल्याच पॉवर हाऊस भागातल्या घड्याळवाल्यांनी साफ नकार दिला. यंत्र सुटं करून धुतलं, तेल दिलं, मेनस्प्रिंग आणि काच बदलली. पिवळटलेल्या डायलला हात लावला नाही. भाऊ अजून कुरकुरतो.

घड्याळ आता दिवसाला मिनिटभर पुढे जातं. आणखी नेमकं करायचं तर बॅलन्सचा दांडा बदलावा लागेल आणि तो जुन्या मोडक्या घड्याळातून काढल्याशिवाय मिळत नाही. नव्या मालकांनी नव्या मॉडेलांबरोबर जुन्या यंत्रांचे सुटे भागही विकायला काढले, तर पॉवर हाऊसहून एक गिऱ्हाईक नक्की आहे.