बांबूचा भाव आणि जंगलाचे मुद्दल

ज्या मालाला भाव नाही त्याची कदर नाही, हे कापडाच्या धंद्यातील आम्हा मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. सूत फुकट मिळू लागले तर मागवाले धागा जपून वापरतील काय? हाच हिशेब जंगलाला लावून पाहणारे एक संशोधन कर्नाटकात झाले. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी ते जरूर समजून घ्यावे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली येथे 1950 च्या दशकाच्या अखेरीस कागदाची गिरणी सुरू झाली. सरकारने तिला जंगलातील बांबू दीड रुपया टन या दराने दिला. टोपल्या, सुपे, चटया विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच बांबू बाजारात टनाला हजाराहून अधिक रुपये मोजून घ्यावा लागे. पुढे बांबू दुर्मिळ होऊ लागला तेव्हा गिरणीने गावकऱ्यांच्या गुराचराईला दोष दिला आणि बुरुडांनी गिरणीकडे बोट दाखविले. सरकारदरबारी तक्रार गेली.

1970 च्या दशकात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाची तपासणी केली. त्यांनी जंगलात जाऊन बांबूची बेटे पाहिली आणि गावकऱ्यांनाही विचारले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी असते. तोड सोपी व्हावी, बेट मोकळे व्हावे म्हणून ती साफ केली जात होती. गावकरी म्हणाले, या काट्यांमुळेच कोंब वाचतात. अभ्यासात ते खरे ठरले. काटे गेले की पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब गुरे व रानटी जनावरे खाऊन टाकीत. शिवाय जंगलात बांबू किती आहे याचा सुरुवातीचा अंदाजही फार फुगविलेला निघाला.

आमच्या भाषेत सांगायचे तर बेट हे मुद्दल आणि दरसाल येणारा नवा बांबू हा नफा. दीड रुपया भाव असल्यावर मुद्दल सांभाळण्याची गरज गिरणीला वाटलीच नाही. तोटा जंगलाचा झाला, आणि हातावर पोट असलेल्या बुरुडाचाही.

आता कायदा पुष्कळ बदलला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. 2017 साली जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या शेतात बांबू लावणाऱ्याची वाट त्यामुळे सुकर झाली.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. कारागिरांनी एकत्र येऊन थेट ग्रामसभेशी व शेतकऱ्याशी व्यवहार करावा, रास्त भाव द्यावा आणि कोवळा बांबू घेऊ नये. कच्चा माल टिकला तरच हुन्नर टिकेल.