भाद्रपदी पोळ्यातील ‘आवतण’

बैलांचा सण महाराष्ट्रात सर्वत्र एकाच तिथीस होत नाही. विदर्भात व मराठवाड्यात तो श्रावण अमावास्येस पोळा म्हणून, तर कोल्हापूर-सांगलीकडे पावसाळ्याच्या आरंभी बेंदूर म्हणून साजरा होतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत मात्र भाद्रपद अमावास्येच्या पोळ्याची चाल आढळते. हा भाग पर्जन्यछायेतील असून रब्बी ज्वारी हे त्याचे परंपरागत पीक होय. त्या पेरणीच्या तोंडावर बैलास विसावा मिळावा, हे ऋतुक्रमास धरूनच आहे.

या सणास पुरोहित लागत नाही. तो घरच्यांनीच करावयाचा असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद व तूप लावून चोळतात आणि त्यास उद्याच्या जेवणाचे ‘आवतण’ देतात. हा शब्द संस्कृत ‘आमंत्रण’ यापासून आला आहे. एरवी तो सोयऱ्याधायऱ्यांसाठी योजला जातो. येथे त्याचा मानकरी बैल होय. सर्वपित्री अमावास्याही याच दिवशी येत असल्याने पूर्वज व बैल या दोघांनाही कुटुंबाच्या अन्नात वाटा मिळतो.

ट्रॅक्टर आल्यापासून अनेक दावणी रिकाम्या झाल्या आहेत. तेथे मातीच्या बैलांस पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. पूजा टिकते, परंतु मळावयास खांदाच नसल्याने खांदेमळणी लोपते आणि तिच्यासमवेत आवतणही. म्हणून असे शब्द टिपताना त्यांमागील कृतीचीही नोंद, ती करणारे हात आहेत तोवर, व्हावयास हवी.