वळणावरील मोटारसायकल

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर नंदी नावाचा डोंगर आहे. सूर्योदय पाहण्यासाठी पहाटेच्या धुक्यात अनेक तरुण मोटारसायकलींवरून तेथे जातात. वर चढणाऱ्या रस्त्यावर एकामागून एक तीव्र वळणे लागतात आणि प्रत्येक वळणावर वाहन व चालक आतल्या बाजूस कलतात. ते का कलतात, आणि कलूनही पडत का नाहीत?

गतिमान वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते. तिला वळवावयाचे तर वळणाच्या मध्याकडे ओढणारे बल हवे. हे बल टायर आणि रस्ता यांमधील घर्षणातून मिळते. घर्षण चाकांच्या तळाशी कार्य करते; गुरुत्वमध्य मात्र बराच वर असतो. म्हणून ताठ उभे असलेले वाहन बाहेरच्या बाजूस उलटू लागते. ते आत कलले म्हणजे त्याचे वजन त्यास आत पाडू पाहते, आणि या दोन प्रवृत्तींचा तोल साधला जातो.

आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगास सुमारे १९ अंशांचा कल पुरतो. ताशी ५४ किलोमीटर वेगास तो ३७ अंशांवर जातो. वेग दीडपट झाला, परंतु बल सव्वादोनपट लागले. हे बल वजनाच्या पाऊणपट होय, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावरील घर्षणाची मर्यादाही साधारणपणे तेवढीच असते. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर ती पुष्कळच कमी होते.

घर्षणाचा हा साठा वळणे आणि थांबणे या दोन्ही कामांसाठी मिळून एकच असतो. ऐन वळणात जोराने ब्रेक दाबल्यास वळण्यासाठी पुरेसे घर्षण उरत नाही व चाक घसरते. १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना भारतात एप्रिल २०१९ पासून चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे. पण तीही घर्षण वाढवू शकत नाही. म्हणून वेग वळणापूर्वीच, वाहन सरळ असताना कमी करावा. उतरताना हे विशेषच पाळावे.

रस्त्यावरील जागेचेही असेच आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. डाव्या वळणापूर्वी आपल्या मार्गिकेच्या उजव्या भागात, तर उजव्या वळणापूर्वी डाव्या भागात राहिल्यास पुढील रस्ता अधिक लांबवर दिसतो. उजव्या वळणावर आणखी एक धोका संभवतो. १.४ मीटर उंचीवरील डोके ३७ अंश कलले, तर ते चाकांपासून ८० सेंटिमीटरांहून अधिक आत जाते. चाके मध्यरेषेच्या अलीकडे असूनही डोके पलीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत असू शकते.

धुके असो वा कडा, जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यातच थांबता येईल, हीच वेगाची खरी मर्यादा होय.