ज्योत पिवळी पडली, शेगडी काय सांगते?

शिवणयंत्राला आपण आठवड्याला दोन थेंब तेल घालतो. सायकलची चेन उतरली तर बसवतो, पंख्याची पाती दिवाळीच्या आधी पुसतो. पण ज्या यंत्राशिवाय घरात चहाचा कपही होत नाही, ते दिवसातून चार-पाच वेळा पेटणारे यंत्र, म्हणजे आपली शेगडी, तिला वरून ओले फडके मारले की काम संपले असे आपण धरून चालतो. शेगडी बिचारी बोलत नाही. पण ती खुणा करते, आणि त्या खुणा ओळखायला मेकॅनिक लागत नाही. आमच्या माताभगिनींना तर नाहीच नाही.

बोरीवली पश्चिमेच्या गोराई वसाहतीत हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. त्याचे कारण तिथल्या घरांच्या जन्मातच आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत नगरविकासाची योजना सुरू झाली. त्यात चारकोप, मालवणी आणि गोराई येथे लहान लहान भूखंड पाडून, पाणी, गटार, रस्ता देऊन ते कष्टकरी कुटुंबांना दिले गेले. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. पंचवीस-तीस चौरस मीटरची जागा, मधे चौक, भोवती भिंतीला भिंत लावून घरे. आधी पत्र्याचे छप्पर, मग स्लॅब, मग पोटाला चिमटा घेऊन वरचा मजला. कुटुंब वाढले तसे घर उंच झाले. मात्र या वाढीत एक गोष्ट कमी होत गेली, ती म्हणजे हवा. मागची खिडकी शेजारच्या भिंतीला टेकली, जिन्याखाली स्वयंपाकघर आले, उरलेल्या झरोक्यात कुणी पुठ्ठा लावला. शेगडीचे बहुतेक दुखणे हवेचेच असते. म्हणून हे आधी सांगितले.

हे आजचेच आहे असेही नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गिरणगावातल्या चाळीत किंवा झोपडपट्टीत दिवस काढले, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणायचा. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने भोक पाडायचे. मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून एक काठी बाटलीपर्यंत सरकवायची आणि भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि काठी अलगद काढून घ्यायची. जी पोकळी राहते, ती हवेची वाट. ही वाट नीट राहिली तर शेगडी तासन् तास बिनबोभाट जळे. भुसा ओला असेल किंवा आतली भिंत ढासळली तर नुसता धूर. लहान पोरांना ते काम जमत नसे, घरातली अनुभवी बाईच ते करी. तिने विज्ञानाचे पुस्तक वाचले नव्हते, पण जळणाला वाट हवी हे तिला पक्के ठाऊक होते.

त्यानंतर रेशनच्या रॉकेलचे दिवस आले. वातीचा स्टोव्ह आणि पंपाचा स्टोव्ह. वाती काजळल्या की कापून सारख्या करायच्या, पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळी वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' अशी बातमी वारंवार येई. भडका सासूच्या वेळी उडत नसे, मुलाच्या वेळी उडत नसे, नव्या सुनेच्याच वेळी कसा उडे? १९८३ आणि १९८६ साली फौजदारी कायद्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या उगाच नाहीत. स्टोव्ह कशाने बिघडतो आणि कशाने बिघडत नाही याचे ज्ञान घरातल्या प्रत्येक बाईजवळ असले पाहिजे, असे आम्ही म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

मध्यंतरी आपल्या महाराष्ट्रात आणखी एक शेगडी येऊन गेली. गावाकडे नातेवाईक असलेल्या काही वाचकांनी ती पाहिलीही असेल. २००६ साली ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची चूल बाजारात आणली. तिला लाकूड नको, रॉकेल नको. उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले असा शेतातला टाकाऊ माल दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या तिच्यात घालायच्या. तळाशी छोटा पंखा, त्याला चार्ज होणारी बॅटरी. पंखा खालून आणि वरून हवा देई, त्यामुळे कांड्यांतून निघणारा धूरसुद्धा जळून जाई आणि ज्योत जवळजवळ गॅससारखी मिळे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आसपासच्या राज्यांत मिळून अशा सुमारे चार लाख चुली विकल्या गेल्या.

तिची निगा कशी? भुशाच्या शेगडीचाच धडा पुन्हा. कांड्या पावसाळ्यात सादळल्या तर त्या फुगतात, भुगा होतात आणि चूल धुरावते, म्हणून त्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. राख रोज काढायची, कारण राखेने हवेची भोके बुजतात. ज्योत मंदावून धूर आला तर आधी पंख्याला कान लावायचा. तो फिरत नसेल तर बॅटरी उतरली आहे. आणि पेटलेल्या चुलीत वरून मूठभर कांड्या टाकायच्या नाहीत, कारण ती एका भरण्यात जळायची म्हणूनच बनवलेली असे. हे सारे बायकांनी आठवड्याभरात शिकून घेतले. मग चूल बंद का पडली? बिघाडाने नव्हे. साखर कारखाने चिपाडापासून वीज करू लागले, चिपाडाला भाव आला, कांड्या महागल्या. पुढे धंदा घरांकडून हॉटेलांकडे वळला. चूल शाबूत, पंखा शाबूत, पण जळण नाही. अशा चुली मग माळ्यावर गेल्या. नवी वस्तू घेताना तिचे जळण उद्या कोण आणि काय भावाने देणार, हे विचारायला आपण अजून शिकलो नाही, असे आम्हांस वाटते.

आता आजच्या गॅसकडे येऊ. गॅसच्या शेगडीला पंखा दिसत नाही, पण हवेची वाट तिलाही आहे. शेगडी उलटी करून पाहा. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी एक पितळी जेट असतो, त्याला केसाएवढे बारीक छिद्र. त्यातून गॅस जोराने सुटतो आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या जागेतून हवा आपोआप ओढून घेतो. गॅस आणि हवा नळीत मिसळून वर येतात, म्हणून ज्योत निळी. नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळे केले, झुरळ अडकले, उतू गेलेले दूध आत सुकले, की हवा कमी पडते. ज्योत पिवळी, लांब आणि लुळी होते. भांड्याच्या बुडाला काजळी धरते. भांडे घासणारीला ही खूण सर्वांच्या आधी कळते.

पिवळेपणा पाहून लगेच घाबरू नये. मिठाचे पाणी उतू गेले किंवा खोली झाडताना धूळ उडाली तर ज्योतीत क्षणभर नारिंगी चमकते. सिलिंडर संपत आला की ज्योत थोडी पिवळी होते. पण भरल्या सिलिंडरवर रोजच पिवळी ज्योत आणि रोजच काजळी, हे बिघाडाचे लक्षण. अशी ज्योत बंद खोलीत जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते. आपण उन्हाचे किंवा उपासाचे निमित्त करतो.

सफाई सोपी आहे. रेग्युलेटर बंद करा, शेगडी पूर्ण गार होऊ द्या. बर्नरच्या टोप्या काढून कोमट पाण्यात साबण किंवा खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. जुन्या टूथब्रशने घासा, भोके काडीने मोकळी करा. नळीचे तोंड कोरड्या ब्रशने झाडा. मग टोप्या पूर्ण वाळू द्या, हे महत्त्वाचे. ओली टोपी बसवली, किंवा ती खाचेत नीट बसली नाही, तर 'फट्' आवाज होऊन ज्योत नळीच्या आत शिरते. तसे झाले तर बटण लगेच बंद करावे, गार होऊ द्यावे, टोपी पुन्हा बसवावी. उलट ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल, फुरफुरत असेल, तर हवा किंवा दाब जास्त आहे. ते काम मेकॅनिकचे.

दोष कुठे आहे हे शोधण्याची एक युक्ती आहे. एकच बर्नर मंद, दुसरा ठीक, तर दोष त्या बर्नरचा. दोन्ही मंद, तर रबरी नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा, मग सिलिंडर हलवून पाहा, मग रेग्युलेटरचा संशय घ्या. एवढे पाहून ठेवले तर येणारा मेकॅनिक आपल्याला नवी शेगडी घ्यायला लावू शकत नाही.

आणि जेटमध्ये सुई घालू नका! ही सवय पंपाच्या स्टोव्हच्या दिवसांतली. तिथे पिन मारणे बरोबर होते, कारण पिन त्याच मापाची मिळे. गॅसच्या जेटमध्ये शिवणाची सुई गेली की छिद्र मोठे होते, गॅस जास्त सुटतो, हवा तेवढीच राहते आणि ज्योत पूर्वीपेक्षा पिवळी होते. जेट बुजला तर बदलून घ्यावा. बटण घट्ट झाले तर त्यात खोबरेल तेल सोडू नये. त्याला उष्णता सोसणारे वेगळे ग्रीस लागते.

गोराईच्या काही घरांत शेगडी ओट्यावर आणि नळी भिंतीच्या भोकातून पलीकडच्या सिलिंडरला, अशी मांडणी दिसते. जागा नाही हे आम्ही जाणतो, तरी ही मांडणी वाईट. नळी डोळ्यांसमोर हवी आणि दीड मीटरपेक्षा लांब नको. केशरी रंगाची, आत तार असलेली सुरक्षा नळी घ्यावी. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. तिला कापडी खोळ घालू नये, चीर खोळीखाली लपते. सिलिंडर उभा, जमिनीवर, शेगडीपेक्षा खाली, आणि बंद कपाटात नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा जमिनीवर साचतो. म्हणून जिन्याखालच्या स्वयंपाकघरात जमिनीलगत एक जाळी ठेवा. तीत पुठ्ठा कोंबू नका, थंडीतही नाही.

सिलिंडर घरी आला की सील पाहावे, वजन करून घ्यावे. रिकाम्याचे वजन सिलिंडरवर लिहिलेले असते, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा. तोंडातला रबरी वायसर जागेवर आहे ना, ते पाहून घ्या. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. ही सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर तो सिलिंडर घेऊ नये. भाऊ घाईत आहे म्हणून आपण संकोचतो. संकोचू नये.

गळतीचा संशय आला तर साबणाचे पाणी जोडावर लावा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून पाहणारे महाभाग अजून आहेत! वास भरला असेल तर दिव्याचे बटण लावू नका, चालू असलेले बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, दारेखिडक्या उघडा, माणसे चौकात काढा, आणि बाहेर आल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आला आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताशी जातो, म्हणून झरोका वरच्या बाजूला हवा. त्याचा दाबही कमी, त्यामुळे जोडणी करताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या छिद्राचे बसवतात. पुढे नवी शेगडी घेतली की जुनी आपण गावाला, बहिणीकडे पाठवतो. तिथे ती सिलिंडरला जोडली की मोठ्या छिद्रातून नको तेवढा गॅस येतो, हातभर पिवळी ज्योत उठते, आणि बहिणीला वाटते दादाने बिघडलेली शेगडी दिली. म्हणून जोडणीच्या दिवशी काढलेले जुने जेट त्या कामगाराकडून मागून घ्यावेत, कागदात बांधून 'सिलिंडरचे' असे लिहून ठेवावेत, आणि शेगडी गावाला जाण्याआधी मेकॅनिककडून तेच पुन्हा बसवून घ्यावेत.