ओझरचं विमान आणि आमचा आकाशकंदील

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या पाचवीच्या वर्गानं आकाशकंदील करायचं ठरवलं. एका गटानं कामट्यांचा सांगाडा करायचा, दुसऱ्यानं कागदाच्या बाजू कापायच्या, तिसऱ्यानं झिरमिळ्या. मी प्रत्येक गटाला चिठ्ठी दिली : 'चौकोनी बाजू ८'. दुसऱ्या दिवशी सगळं सामान टेबलावर आलं आणि वर्गात हशा पिकला. कागद हे एवढे मोठाले, आणि सांगाडा मुठीएवढा! एका गटानं पट्टीची इंचाची बाजू धरली होती, दुसऱ्यानं सेंटिमीटरची. चूक कुणाची? अर्थात बाईंची! मी आकडा लिहिला, एकक लिहिलंच नाही.

आता सांगा, कंदिलाच्या जागी लढाऊ विमान असतं तर?

विमान काही लांब नाही बरं का. आपल्या कळवणहून नांदुरी, वणी, पिंपळगाव बसवंत करत ओझरला गेलं, की हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना येतो. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघाचं मिग-२१ विमान भारतात बनवायचं ठरलं, तेव्हाचा हा कारखाना. पण अख्खं विमान एकट्या ओझरला होत नव्हतं. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. आमच्या वर्गासारखेच तीन गट! फक्त मधे शेकडो किलोमीटर. त्यात मूळ ड्रॉइंग रशियन भाषेत. ती आधी इंग्रजीत आणायची, मग कामगाराच्या हाती द्यायची.

कारखान्यातलं ड्रॉइंग म्हणजे नुसतं चित्र नव्हे. त्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात भागाचा क्रमांक, मापाचं एकक, धातू कोणता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'रिव्हिजन', म्हणजे हे ड्रॉइंग कितव्यांदा सुधारलं ते. समजा, बोल्टचं भोक दोन मिलिमीटर सरकवायचं ठरलं. ही सुधारणा एका गावाला कळली, दुसऱ्याला कळली नाही. मग दोन्ही भाग अगदी सुबक होतील, पण एकमेकांत बसणार नाहीत. कामगार कितीही हुशार असो, हातातला कागद जुना असेल तर तो काय करणार?

मिगनंतर ओझरला सुखोई-३० एमकेआय बनू लागलं. १७ ऑक्टोबर २०२५ला तिथेच बांधलेल्या तेजस एमके-१एनं पहिलं उड्डाण केलं. तेजसचं काम तर आणखी वाटलेलं. पंख कोइमतूरच्या कारखान्यातून येतात, धडाचा मधला भाग हैदराबादच्या कंपनीकडून. हल्ली कागदाच्या ड्रॉइंगऐवजी संगणकावर त्रिमितीय नमुना असतो. मापं, बदल, तपासणीच्या नोंदी हे सगळं एकमेकांना जोडून ठेवतात. त्याला 'डिजिटल थ्रेड' म्हणतात, म्हणजे माहितीचा धागा.

हा धागा तुटला की काय होतं, ते मोठमोठ्यांनीही अनुभवलंय. युरोपात एअरबस ए-३८० हे अवाढव्य विमान बनत होतं. त्यात सुमारे ५०० किलोमीटर वायर. जर्मनीतले आणि फ्रान्समधले इंजिनियर एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. वायर कुठे किती वाकते, ही माहिती इकडून तिकडे नीट पोचली नाही. जोडायला घेतल्यावर वायर तोकड्या पडल्या आणि विमानं ग्राहकांच्या हाती पडायला खूप उशीर झाला.

दुसरी गोष्ट तर हुबेहूब आमच्या कंदिलाची! अमेरिकेचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान नऊ महिने प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ला मंगळाजवळ पोचलं आणि नाहीसं झालं. एका गटाचे आकडे पौंडातले, दुसऱ्यानं ते न्यूटनमधले समजून वापरले. शास्त्रज्ञांचंही असं होतं म्हटल्यावर मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांची फाइल वाचता यावी म्हणून १९९४मध्ये 'स्टेप' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. म्हणजे फाइलींची सामाईक भाषाच म्हणा ना. ती आणखी एका कारणासाठी हवी. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं! आज बनलेलं विमान इतकं टिकलं, तर त्याची आजची फाइल तेव्हाच्या संगणकावर उघडायला नको का? घरातली जुनी फ्लॉपी आज कुठे चालवता येते का, बाबांना विचारून बघा.

तर आमचा कंदील. मी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या : 'बाजू ८ इंच. सुधारित. मंगळवार.' एक मुलगी जुनी चिठ्ठी फाडायला निघाली. मी म्हटलं, "थांब, फाडू नकोस. आडवी रेघ मार आणि वर 'रद्द' लिही." तिनं लिहिलं, आणि खाली विचारपूर्वक भर घातली : 'बाईंची चूक'.