कुत्र्याचं घर रात्री बंद होणारं हवं



राखणीला कुत्रा नाही अशी वस्ती आपल्याकडे सापडणं अवघड. कोंबड्यांना खुराडं असतं, शेळ्यांना गोठा असतो, कुत्रा मात्र रात्रभर दारातल्या खुंट्याला साखळीने बांधलेला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या बिबट्याच्या भागात ही सवय महागात पडते.

उभ्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळते आणि वस्तीवर खायला मिळतं. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही! शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, हे त्याचं एक कारण अभ्यासकांनी दिलं. म्हणजे जे आपण शेळीसाठी करतो, तेच कुत्र्यासाठी करायचं.

बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. आणि कुत्र्यासाठी बिबट्या येतो तो थेट आपल्या दारात, लेकरं झोपतात तिथं. हे घर आपल्यासाठीही आहे ते असं.

जागा कुठं निवडाल?
घराच्या भिंतीलगत, दिव्याच्या उजेडात, उसापासून आणि झुडपांपासून लांब. जमीन थोडी उंच हवी. पावसाळ्यात झड बहुतेक नैऋत्येकडून येते आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून, म्हणून दाराचं तोंड पूर्वेला ठेवा.

माप किती?
कुत्र्याला आत नीट उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आपल्या गावठी कुत्र्याला ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच एवढं पुरतं. फार मोठं केलं तर थंडीत ऊब राहत नाही. तळ जमिनीपासून वीतभर उंच घ्या, म्हणजे ओल येत नाही आणि पाणी शिरत नाही.

भिंत, छप्पर, दार
तीन बाजू विटांच्या किंवा जाड फळ्यांच्या करा. हवेसाठी समोर जाळी लावा, पण खुराड्याची बारीक तारेची जाळी नको, ती पंजाने फाटते. जाड तारेची, वेल्डिंग केलेली जाळी घ्या. भोकं एवढी लहान हवीत की पंजा आत जाणार नाही.

बिबट्या वर चढतो, त्यामुळे छप्पर नुसतं दगड ठेवून चालणार नाही. पत्रा नट-बोल्टने पक्का आवळा आणि उतार मागच्या बाजूला द्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा त्यावर पाचटाचा थर अंथरा किंवा घर झाडाच्या सावलीत येईल असं बघा. पण झाडाची फांदी छपरावर टेकलेली नको. दाराला बाहेरून कडी-कोयंडा हवाच. दोरीने बांधलेलं दार म्हणजे उघडंच दार समजा.

काही जणी निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा ठेवतात. ऊन-पावसापुरतं ते ठीक, पण तोंड उघडं राहतं म्हणून बिबट्याच्या भागात उपयोगाचं नाही. औषधाचा ड्रम तर धुतला तरी वापरू नका.

आतली निगा
गोचीड भिंतीच्या फटीत लपते. फटी बुजवा, आतून चुना मारा. अंथरलेलं गोणपाट आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवा. गोचिडाचं औषध पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच लावा. पिसाळीची लस दरवर्षी टोचून घ्या. पाण्याचं भांडं रात्रीही आत असू द्या.

रोजची वेळ पाळा
दिवेलागणीच्या आधी कुत्रा आत, पूर्ण उजाडल्यावर बाहेर. पहिले काही दिवस तो जायला बघणार नाही, तेव्हा संध्याकाळची भाकरी आतच घाला. दिवसा मोकळा राहिला की रात्री शांत झोपतो. "कोंडला तर राखण कोण करणार?" असं सासूबाई म्हणतील. आतून त्याचं नाक-कान चालतात, भुंकणं थांबत नाही. तो जास्तच भुंकायला लागला तर एकटीने बाहेर जाऊ नका. आतूनच दिवा लावा, आवाज करा, शेजाऱ्यांना फोन करा. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

उष्टं-खरकटं आणि मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

खर्चाचं काय?
जुन्या विटा, उरलेला पत्रा, मोडक्या दाराच्या फळ्या बहुतेक घरी निघतात. रोख लागते ती जाळी, कडी आणि वेल्डिंगच्या मजुरीला. चार-पाच जणींनी मिळून जाळीचा एकच गुंडाळा आणला आणि वेल्डरला एकाच दिवशी बोलावलं तर बचत होते. गरज पडली तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज घेता येईल.

येत्या मासिक बैठकीत एवढं करा: कुणाकुणाचा कुत्रा रात्री उघड्यावर बांधलेला असतो, त्यांची यादी काढा. उसाला लागून ज्यांची घरं आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.