एसएसडी खराब नाही, बायोस उघडून पाहा

ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपल्यापासून सुटे भाग आणून घरीच नवा पीसी जुळवण्याचा विचार अनेकजण करताहेत. जुळवणी होते, पंखे फिरतात आणि विंडोज ११ टाकायला घेतली की गाडी अडते. ‘कुठे इन्स्टॉल करू?’ असं विचारणारी खिडकी येते, पण ड्राइव्हची यादी कोरी! मग एसएसडी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद सुरू होतो.

त्याआधी पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तिथे एसएसडीचं नाव दिसलं तर ती बहुधा ठणठणीत आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून घरगुती पीसीतही व्हीएमडी नावाची सोय आली. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि खास ड्रायव्हरशिवाय विंडोजच्या सेटअपला दिसत नाही. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, झिप उघडून पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. नुसती सेटअपची ईएक्सई फाइल इथे चालत नाही, आतली आयएनएफ फाइल लागते. पीसी कोरा असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी सरळ बंद केली तरी भागतं. विंडोज आधीच टाकलेली असेल तर मात्र ही सेटिंग बदलू नका, पीसी बूट होणार नाही.

ही सोय मुख्यतः अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेडसाठी. घरच्या पीसीत बहुधा एकच एसएसडी असते. तरीही काही मदरबोर्डांवर व्हीएमडी आधीपासूनच चालू असते, हे मला साफ चुकीचं वाटतं.

एएमडीच्या एएम५ बोर्डांची गोष्ट वेगळी. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळणी होईपर्यंत स्क्रीन काही मिनिटं काळाच राहू शकतो. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. बोर्ड कुठलाही असो, विंडोजच्या फाइल कॉपी होताना मध्येच एरर येत असेल तर रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही सेटिंग बायोसमध्ये बंद करून रॅम मूळ वेगावर आणा, मग पुन्हा प्रयत्न करा. जुन्या पीसीतली डिस्क लावलीत आणि सेटअपने एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची तक्रार केली, तर ती डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. सेटअपमधून तसं करताना सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा बॅकअप आधी.

दुकानदारांना एकच विनंती: मदरबोर्ड विकताना त्याचे स्टोरेज, लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर टाकून द्या.